डोकी, काटे आणि केशर

भूमध्य समुद्राच्या खडकांत रास्कास नावाचा एक मासा राहतो. तांबूस रंग, अंगाच्या मानानं भलंमोठं डोकं, पाठीवर विषारी काटे, आणि सगळं साफ करून हाती येणारं मांस जेमतेम. टोपलीत तो दिसला की गिऱ्हाइकानं हात मागं घ्यावा असंच त्याचं रूप. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मार्सेयच्या बंदरात कोळ्यांच्या होड्या लागल्या की चांगला मासा आधी उचलला जायचा. टोपलीच्या तळाशी रास्कास, त्याचे तसलेच काटेरी भाऊबंद, बोटाएवढे खडकातले मासे आणि दोन-चार खेकडे उरायचे. ते कुणी घेत नसे, म्हणून ते कोळ्यांच्याच पोटात जायचं. काठावर चूल पेटायची, हंडा चढायचा. कांदा, लसूण, ऑलिव्हचं तेल पडायचं आणि मोठ्या जाळावर खळखळून रस्सा व्हायचा. आज जगभर मोठ्या नावानं ओळखला जाणारा बुयाबेस तो हाच.

हा रस्सा मी वणीत करते. सप्तशृंगगडाच्या पायथ्याशी, द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांमध्ये वसलेल्या या गावाचा आणि समुद्राचा तसा संबंध नाही. गावाच्या उत्तरेला सातमाळा डोंगररांग आहे. रांगेच्या पलीकडं पडणारा पाऊस गिरणेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला मिळतो. अलीकडं पडणारा पाऊस उनंदा, कादवा या नद्यांतून गोदावरीला जातो आणि सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात उतरतो. जो समुद्र आम्हाला जवळचा, त्याच्याकडं आमचं पाणी जातच नाही. तिकडून इकडं काही यायचं तर ते घाट चढून, आणि पूर्वी तर वाळूनच यायचं. आठवडे बाजारात सुकट, बोंबील आणि वाकटी यांचे ढीग लागतात, त्या वासाच्या दिशेनं आम्ही लहानपणी समुद्र कुठं असेल याचा अंदाज बांधायचो. ओला मासा म्हणजे गोड्या पाण्यातला. आमच्या घरातली जुनी माणसं नदीतल्या मरळ, वाम, शिंगाळा यांच्या गोष्टी सांगायची. आमच्या वाट्याला आले ते धरणातले रोहू, कटला आणि मृगळ. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. धरणं बांधल्यावर त्यांचं बीज आणून आपल्याकडच्या जलाशयांत सोडलं गेलं. उनंदेवरचं ओझरखेड धरण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यातला कटला संध्याकाळी बाजारात येतो तेव्हा त्याच्या अंगावरचं पाणीही वाळलेलं नसतं.

वणीत मासा कधी शिजवायचा हे देवाचे वार ठरवतात. सोमवार महादेवाचा, मंगळवार आणि शुक्रवार देवीचे, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार आणि रविवार. श्रावण पाळला जातो, नवरात्र तर पाळलंच जातं. चैत्रात खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ते भरून जातात, तेव्हा गावातल्या कितीतरी घरांत मासा येत नाही. मार्सेयच्या बाजूला हेच गणित उलट बसलं होतं. कॅथलिक घरांत शुक्रवारी मांस वर्ज्य आणि मासा चालत असे, म्हणून तिकडचा शुक्रवार मासळीचा वार झाला. इकडं देवीसाठी जो वार सोडायचा, तोच तिकडं देवाच्या नावानं मासळीला मिळाला. दोन्हीकडं चूल आपल्या मर्जीनं पेटत नाही, हे मला आवडतं. ज्या दिवशी खायचं नाही असे दिवस ज्या घरात असतात, त्या घरात खायच्या दिवसाची तयारी मनापासून होते.

त्यात समुद्राचं वेळापत्रक मिसळावं लागतं. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. मग श्रावण, मग नवरात्र. म्हणून आमच्याकडं या रश्श्याचा खरा हंगाम कोजागिरीनंतरचा. तेव्हा नाशिकच्या बाजारात मुंबईहून बर्फात आलेली मासळी भरपूर असते, आमच्या भागात टोमॅटोची तोडणी चालू असते, नागपूरची संत्री गाड्यांवर आलेली असतात आणि हवेत रश्श्याची भूक लागावी इतका गारवा असतो. माझे यजमान कामानिमित्त नाशिकला जाणार असले की मी त्यांच्याबरोबर बर्फाचा डबा देते. दिंडोरीमार्गे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता. मासा दुपारच्या आत घरी येतो.

आता रास्कास इथं कुठून आणायचा? तो आणायचा नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या जागी कोण बसेल हे बघायचं. बुयाबेसला तीन गुणांचे मासे लागतात. काही घट्ट मांसाचे, जे उकळीत फुटत नाहीत. काही मऊ, जे थोडे विरघळून रश्श्याला दाटपणा देतात. आणि काही नुसते डोकी, काटे आणि चव देणारे. आपल्या किनाऱ्यावर घट्ट मांसाला हेकरू आहे, तांबोशी आहे. मार्सेयवाले सापासारखा लांब कोंग्र वापरतात, त्याला जवळची आपली समुद्रातली वाम आहे. मऊपणाला राणी मासा आहे, ढोमा आहे. बांगडा आणि तारली मात्र या पातेल्यात चालत नाहीत. त्यांचं तेल जोरकस असतं, ते बाकीच्या सगळ्या चवींवर बसतं. पापलेट आणि सुरमईही मी घेत नाही. ते वाईट लागतील म्हणून नव्हे. त्यांच्यावर खर्च होणारा पैसा रश्श्यात उतरत नाही. सुरमईची तुकडी तव्यावर जितकी शोभते तितकी ती इथं शोभत नाही.

आणि तिसरा गुण, चवीचा, तो तर आपल्या बाजारात जवळपास फुकट पडलेला असतो. मासे कापून देणाऱ्या मावशींच्या पाटाशेजारी एक घमेलं असतं. त्यात डोकी, शेपट्या, मधला काटा. गिऱ्हाईक म्हणतं, "डोकं नको, तुकड्याच द्या." मावशी डोकं घमेल्यात टाकतात. बंगालमध्ये तेच डोकं मानाच्या पाहुण्याच्या पानात पडतं. आपल्याकडं ते मांजराच्या नशिबी. मी हेकरूची डोकी नाशिकहून मागवते आणि ओझरखेडच्या कटल्याचं एखादं मोठं डोकं इथूनच घेते. मार्सेयच्या माणसाला गोड्या पाण्यातलं डोकं या रश्श्यात मान्य होणार नाही. पण कटल्याच्या डोक्यात जो चिकट, दाट अंश असतो तो पातेल्याला जे देतो ते मी अनेकदा चाखलं आहे, आणि माझ्या गावच्या पाण्याचा काहीतरी हिस्सा त्यात असावा असं मला मनापासून वाटतं. एकच काळजी घ्यायची: डोक्यातले कल्ले पूर्ण काढायचे आणि रक्त धुऊन टाकायचं. कल्ले राहिले तर रस्सा कडवट होतो.

या रश्श्याचा पाया कसा घालतात हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सासूबाईंचा पाटा आठवला. पावसाळ्यात सुरगाणा-कळवणच्या डोंगराकडच्या आदिवासी बाया बाजारात काळे खेकडे घेऊन बसतात. सासूबाई ते निवडून आणतात. मोठ्या नांग्या आणि मधलं अंग रश्श्यात सोडतात. बारीक पाय, ज्यांत दातालाही लागणार नाही इतकं मांस, ते पाट्यावर वाटतात, त्यावर पाणी घालतात आणि कपड्यातून पिळून काढतात. ते राखाडी पाणी रश्श्यात पडलं आणि तापायला लागलं की रस्सा आपोआप दाटतो आणि त्याला खेकड्याची सगळी गोडी येते. "पाय टाकले त्यानं खेकडा टाकला," असं त्या म्हणतात. प्रोव्हान्समधल्या, म्हणजे मार्सेयच्या मुलखातल्या, बायका नेमकं हेच बोटाएवढ्या माशांचं करतात. कांद्यावर ते मासे डोक्याशेपटीसकट परततात, पाणी घालून शिजवतात आणि मग हातानं फिरवायच्या चाळणीत घालून काट्यांसकट दाबतात. काटे वर राहतात, अर्क खाली येतो. त्या अर्कात मग मोठे मासे शिजतात. दोन बायका, एकीच्या घराला समुद्र लागून आणि दुसरीचं घर डोंगराला. एकमेकींचं नावही कधी ऐकलेलं नाही. पण जे चावता येत नाही त्यातूनही चव काढायची, ही दोघींची विद्या एकच.

म्हणून माझ्या पातेल्याची सुरुवात सासूबाईंच्या पद्धतीनं होते. सहा माणसांसाठी दीड किलो डोकी-काटे आणि तेवढेच मासे घेते. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी ऑलिव्हचं तेल, त्यात तीन कांदे उभे चिरून, रंग न बदलता मऊ होईपर्यंत. आठ-दहा लसूणपाकळ्या ठेचून. मग चार-पाच पिकलेले टोमॅटो, चमचाभर बडीशेप, संत्र्याच्या सालीची एक पट्टी, तमालपत्र. मार्सेयमध्ये बडीशेपेचा ताजा कांदा मिळतो. वणीत त्याची वाट बघण्यात अर्थ नाही, दाण्यातही तोच सुगंध असतो. संत्र्याची साल काढताना आतला पांढरा भाग येऊ द्यायचा नाही, तो कडू असतो. मग डोकी-काटे टाकून परतायचे आणि बुडेल इतकं उकळतं पाणी घालायचं.

इथं घाई आणि धीर दोन्ही लागतात. मटणाची हाडं तासन्‌तास शिजतात, माशाचे काटे तसे शिजवायचे नसतात. वीस-पंचवीस मिनिटांत त्यांच्याकडं देण्यासारखं असतं ते सगळं देऊन होतं. त्यापुढं ते फक्त वास देतात. मग हा अर्क दाबून गाळायचा. मासळीचा रस्सा मंद आचेवर ठेवायचा ही आपली सवय, आणि ती तुकडा न मोडण्यासाठी बरोबरही आहे. बुयाबेस मात्र जोरात उकळावाच लागतो. डोक्या-काट्यांतून सुटलेला चिकट अंश, म्हणजे जिलेटिन, खळखळत्या उकळीत तेलाचे बारीक कण धरून ठेवतो. तेल वर तवंग करून तरंगत नाही, पाण्यात मिसळतं आणि रस्सा दुधाळ, अंगाला लागणारा होतो. आच कमी पडली की तेल वेगळं आणि पाणी वेगळं. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर तर्री हवी असते. इथं तर्री दिसली तर काम झालेलं नाही असं समजायचं.

केशर आधीच खलात चिमटीभर मिठाबरोबर कुटून कोमट अर्कात भिजत ठेवलेलं असतं. गरीब कोळ्याच्या हंड्यात केशर कसं, असा प्रश्न पडतो. उत्तर बंदरात आहे. इसवी सनापूर्वी 600च्या सुमारास फोकाया या गावाहून आलेल्या ग्रीकांनी मार्सेय वसवलं, आणि तेव्हापासून पूर्वेकडचा माल तिथं उतरत राहिला. जो रस्सा आज आपण खास फ्रेंच समजतो त्यातली केशराची वाट पूर्वेकडून आली, आणि टोमॅटोची अमेरिकेतून. सोळाव्या शतकाआधी युरोपात टोमॅटो नव्हता, म्हणजे सगळ्यात जुन्या हंड्यात तो नव्हताच. तोच टोमॅटो आणि तीच मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडं उतरली आणि आज नाशिक जिल्ह्याच्या शेतीचा एक मोठा भार तिच्या त्या भावंडानं, टोमॅटोनं उचलला आहे. वणी-दिंडोरीच्या बांधावर उभं राहून ही गोष्ट आठवली की पातेल्यातलं परकं-आपलं ही भाषा फार पोकळ वाटते. आमच्या भोवतीच्या वाइनच्या बागांतही हेच. सुला या वाइन कंपनीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली तेव्हापासून शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या फ्रान्सच्या वेली नाशिकच्या मातीत रुजल्या आहेत. काही मार्सेयकर रश्श्यात पांढरी वाइन घालतात, काही नाही. मी घालत नाही. टोमॅटोची आंबटाई पुरते.

टोमॅटोचा विषय निघाला की मात्र मला थांबावं लागतं. 2023च्या जुलैत देशभर टोमॅटोचे किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढं गेले होते. वीस किलोच्या क्रेटला हजारांत भाव मिळाला. सप्टेंबर उजाडला तेव्हा याच नाशिक जिल्ह्यात शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतत होते, कारण तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंही सुटत नव्हतं. टोमॅटो तोच होता. रस, रंग, आंबटाई, काहीच कमी झालेलं नव्हतं. कांद्याच्या बाजारातही एकाच वाफ्यातून निघालेल्या मालाची वर्गवारी होते. मोठा, गोल, चमकदार कांदा वर जातो. लहान ती गोल्टी, डागी ती खाद, आणि त्यांना भाव पडून मिळतो. द्राक्षात तर घडाचा आकार, मण्याची जाडी, सालीवरचा डाग यांवर परदेशी जाणार की इथंच विकलं जाणार ते ठरतं. बाजाराला असं करावंच लागतं हे मला कळतं. दूरच्या गिऱ्हाइकाला डोळ्यांनीच माल पारखावा लागतो. पण ज्यानं वर्षभर राबून ते पिकवलं त्याच्या घरातली मी बाई आहे. डाग पडला म्हणून चव गेली असं मला कुणी शिकवलेलं नाही.

बुयाबेस मला जवळचा वाटतो तो यासाठी. तो बाजार संपल्यावर सुरू होतो. बाजार डोळ्यांनी निवडतो आणि जे दिसायला ओबडधोबड, काटेरी, लहान, त्याला बाजूला सारतो. पातेलं निवडतं ते उकळीत. रास्कासला मार्सेयच्या बाजारात भाव नव्हता तेव्हाही त्याच्या डोक्यात हीच चव होती. कोळ्यांच्या बायकांनी ती शोधली, कारण त्यांच्यापुढं दुसरं काही नव्हतं. गरिबीचं कौतुक मी करणार नाही. उपाशी पोटी कुणी चव शोधत नाही. पण हाती आलेल्या कमी मालातून जास्तीत जास्त काढायचं हे जे ज्ञान त्यांनी कमावलं, ते कुठल्याही मोठ्या आचाऱ्याच्या ज्ञानाइतकंच खरं आहे, आणि त्याचा मान त्यांना मिळायला हवा.

पुढं झालं असं, की हा रस्सा श्रीमंतांच्या टेबलावर गेला. 1897 साली प्रसिद्ध झालेल्या ज्याँ-बाप्तिस्त रबूलच्या प्रोव्हान्सच्या पाकपुस्तकात त्याला मानाची जागा मिळाली. मार्सेयच्या उपाहारगृहांनी त्याला आपलं नाव केलं. आज तिथं एका माणसामागं साठ युरोंहून अधिक मोजावे लागतात, आणि रास्कास आता स्वस्त मासा राहिलेला नाही. 1980 साली तिथल्या काही उपाहारगृहचालकांनी मिळून एक सनद केली. पर्यटकांना बुयाबेस म्हणून काहीही वाढलं जात होतं, ते थांबावं म्हणून. ठरलेल्या यादीतले किमान चार प्रकारचे मासे हवेत, मासे ताजे हवेत, ते पाहुण्यासमोर कापले जावेत, रस्सा आणि मासे वेगवेगळे वाढले जावेत, असं तीत आहे. मला या सनदेबद्दल आदर आहे. आपल्या गावचं नाव लावून कुणी काहीही विकू लागलं तर आपल्यालाही राग येईल. पण सनद उपाहारगृहांसाठी असते. घरच्या चुलीला ती बांधत नाही.

घरच्या चुलीची परंपरा वेगळी आहे. ज्युलिया चाइल्ड या अमेरिकी बाई 1953मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळं मार्सेयला राहायला गेल्या. तिथल्या मासळीबाजारात हिंडून त्यांनी माशांच्या रश्श्यांचा अभ्यास केला आणि 1961च्या आपल्या पुस्तकात बुयाबेसची कृती देताना अमेरिकेतल्या बायकांना आपापल्या किनाऱ्यावरचे मासे घ्यायला मोकळीक दिली. पुदुच्चेरीत 1954पर्यंत फ्रेंच होते. तिथल्या तमिळ घरांतून मीन पुयाबेस नावाचा माशांचा रस्सा आजही होतो. नावात तमिळ मासा आणि फ्रेंच रस्सा शेजारी बसलेत. इटलीत लिव्होर्नोच्या कोळ्यांचा काच्चूको, सॅन फ्रान्सिस्कोत गेलेल्या इटालियन कोळ्यांचा चोपीनो, ग्रीकांचा काकाव्या: जिथं जिथं जाळ्यातला काही मासा विकला गेला नाही, तिथं तिथं असं एक पातेलं चढलं. आपल्या कोळीवाड्यांतही बारीक मिसळ मासळीचं कालवण असतं, चिंच आणि लसूण घालून. त्याला कुणी सनद केलेली नाही. ते रोज होतं, हीच त्याची सनद.

गाळलेला अर्क पुन्हा पातेल्यात घेऊन केशर घालते आणि आच मोठी करते. उकळी फुटली की आधी घट्ट मासे, वाम आणि हेकरू. सात-आठ मिनिटांनी तांबोशी. शेवटी राणी मासा आणि मूठभर कोळंबी, चार-पाच मिनिटांसाठी. मासे हलक्या हातानं ताटात काढून ठेवायचे, वर पळीभर रस्सा घालून झाकायचे. रस्सा आणखी थोडा उकळून मीठ बघायचं. रंग असा येतो की उन्हाळ्यातल्या पहिल्या हापूसची आठवण व्हावी.

याच्याबरोबर रूय नावाचं एक लाल तोंडीलावणं लागतं. लसूण, लाल मिरची, केशर आणि मीठ खलात कुटायचं. दाटपणाला उकडलेला बटाटा किंवा रश्श्यात भिजवलेला पाव. मग थेंब थेंब तेल घालत घोटायचं. बरेच जण त्यात कच्च्या अंड्याचा बलक घालतात. घरात लहान मुलं आणि वयस्कर माणसं असल्यानं मी बटाट्यावरच थांबते. मिरची ब्याडगी, रंगासाठी, आणि एखादी लवंगी, आठवण राहावी म्हणून. खलबत्त्याचं हे काम सासूबाई स्वतःकडं घेतात. ठेच्याचा हात त्यांचा, माझ्या हाताला ती घोटाई येत नाही, आणि त्यांनाही पातेल्यात आपला वाटा हवा असतो. गावच्या बेकरीतला आदल्या दिवशीचा पाव कापून कडक भाजायचा, त्यावर लसणाची पाकळी घासायची, वर रूयचा गोळा, आणि त्यावर गरम रस्सा ओतायचा. मासे नंतर, वेगळ्या ताटात.

पंगत बसली की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मुलं पावावर खूष असतात. यजमान रश्श्याची वाटी तोंडाला लावतात. सासूबाई बाजरीची भाकरी कुस्करतात आणि मग त्या गाळताना बाजूला ठेवलेलं कटल्याचं डोकं मागतात. मी त्यांना एकदा विचारलं, "आई, एवढे चांगले तुकडे ताटात असताना डोकं कशाला?" त्या म्हणाल्या, "तुकडा कुणालाही कळतो गं. डोकं खायला वेळ द्यावा लागतो." त्यांचं ते वेळ देणं मी बघत असते. गालाचा मऊ तुकडा, डोळ्यामागची चरबी, हाडांच्या फटीतलं सगळं त्या बोटांनी शोधून काढतात. त्यांच्या पानात उरतात ती हाडं स्वच्छ असतात. फुकट गेलं असं म्हणावं असं काही त्यात नसतं.

कुणी मला विचारतं, हा खराखुरा बुयाबेस आहे का? मार्सेयच्या सनदेप्रमाणं नाही. त्यात रास्कास नाही, खडकातले मासे नाहीत, आणि त्यात धरणातल्या कटल्याचं डोकं आहे. पण त्या पहिल्या हंड्याशी याचं नातं कुठं आहे हे मला पक्कं माहीत आहे. तिथल्या बायकांनी आपल्या बंदरावर जे मागं राहिलं त्याला हात घातला होता. वणीत राहून विमानानं आलेला रास्कास शिजवण्यापेक्षा वणीच्या बाजारात काय मागं राहतं हे बघणं, हे त्यांच्या वाटेनं चालणं आहे. माझ्यासाठी त्या कृतीचा गाभा माशांच्या यादीत नाही. तो त्या बघण्यात आहे.

म्हणून हे वाचून कुणाला करावंसं वाटलं तर माझं सांगणं साधं आहे. पुढच्या बुधवारी किंवा रविवारी मासे घ्यायला जाल तेव्हा तुकड्यांच्या आधी त्या घमेल्याकडं बघा. डोकी मागून घ्या, आणि फुकट मिळाली तरी मावशींच्या हातावर दोन पैसे ठेवा, कारण ती साफ करायला मेहनत पडते. येताना भाजीवाल्याकडून डागी टोमॅटो आणि गोल्टी कांदा घ्या. चिरल्यावर दोन्ही तेवढेच चांगले असतात. केशर नसेल तर नसू द्या, ऑलिव्हच्या तेलाऐवजी शेंगदाण्याचं घेतलंत तरी घर तेवढंच जेवेल. कल्ले मात्र नक्की काढा आणि आच मोठी ठेवा.